कोकण किनाऱ्यावरील प्रवासी-निवासाची वाटचाल : अग्रशाळेपासून घरगुती निवासापर्यंत

प्रस्तावना

कोकणातील खेड्यात उतरलेल्या परगावच्या माणसाला पूर्वी ‘कुणाकडे आलात?’ असे विचारले जाई. ‘कुठे उतरलात?’ हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा आहे. पहिल्या प्रश्नात नाते, जात, देवस्थान किंवा ओळख गृहीत धरलेली असते, तर दुसऱ्या प्रश्नात पैसे मोजून मिळणारी खोली. या दोन प्रश्नांमधील अंतर कोकणाने सुमारे शंभर वर्षांत तोडले. पर्यटनाच्या अभ्यासात निवासव्यवस्थेकडे बहुधा सोयी, दर आणि खाटांची संख्या या अंगाने पाहिले जाते. परंतु परक्या माणसाला आपल्या छपराखाली घेणे हा मुळात सामाजिक व्यवहार आहे. कोणाला आत घ्यायचे, कुठपर्यंत घ्यायचे आणि त्याच्याकडून काय घ्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती त्या किनाऱ्याची सूत्रे राहतात.

प्रस्तुत लेखात रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला गोवा या किनारपट्टीवरील प्रवासी-निवासाच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) किनाऱ्यावरील निवासाचे प्रकार कोणत्या सामाजिक व आर्थिक परिस्थितीतून निर्माण झाले, हे पाहणे.
२) निवासाच्या निवडीचा अधिकार प्रवासी, यजमान, शासन व बाजार यांच्यात कसा सरकत गेला, याचा शोध घेणे.
३) घरगुती निवासाच्या सद्यःस्थितीचा ऐतिहासिक दृष्टीने अर्थ लावणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

नाते, देवस्थान आणि बंदर

कोकणची भूमी खाड्यांनी तोडलेली आहे. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा एकामागून एक येणाऱ्या खाड्यांमुळे किनाऱ्याने उत्तर-दक्षिण प्रवास करणे दीर्घकाळ कष्टाचे होते. म्हणून गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईहून कोकणात जाणारा उतारू प्रामुख्याने आगबोटीने जाई. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही त्या प्रवासाची ठाणी होती. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. या प्रवासातील धोका किती मोठा होता, हे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली, त्यावरून समजते.

अशा प्रवासात मुक्कामाची जागा उतारू आपल्या पसंतीने निवडत नसे. बोट अवेळी लागली की बंदरावरची धर्मशाळा, एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याची पेढी किंवा देवळाचा सभामंडप यांपैकी जे मिळेल ते त्याला घ्यावे लागे. गावात पोहोचल्यावर मात्र नाते उपयोगी पडे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला घरी येई, तेव्हा तो पाहुणा नसून घरचाच असे. आजही किनाऱ्यावरची सर्वांत मोठी वार्षिक ये-जा हीच आहे आणि तिला भाड्याची खोली लागत नाही. कोकणातील पर्यटनाचा विचार करताना ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते.

देवस्थानांनी निवासाची दुसरी व्यवस्था उभी केली. गोव्यात सोळाव्या शतकातील पोर्तुगीज धर्मच्छळामुळे तिसवाडी, बार्देश व साष्टी या प्रदेशांतील अनेक दैवते अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा परिसरात, हलविण्यात आली. दैवत एका गावी आणि त्याचे कुळावी दुसऱ्याच गावी, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. मंगेशी, कवळे यांसारख्या देवस्थानांभोवती ज्या अग्रशाळा दिसतात, त्यांचे प्रयोजन या विस्थापनात आहे. कुलदैवताच्या दर्शनासाठी दूरवरून येणाऱ्या कुटुंबाने कुठे राहावे, याचे उत्तर अग्रशाळेने दिले. कर्नाटक, केरळ आणि मुंबई येथे स्थायिक झालेली सारस्वत कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या खोल्यांत उतरत आली. या निवासाचे निकष स्पष्ट होते. येणारा कुळावी असावा, त्याने देवस्थानचे आचार पाळावेत आणि मुक्काम मर्यादित ठेवावा. त्यात आस्था होती आणि वगळणेही होते.

खासगी घराची रचनाही याच तत्त्वावर बेतलेली होती. खळे, पडवी, ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर ही कोकणी घराची ओळ म्हणजे प्रवेशाच्या पायऱ्याच होत. कोणी खळ्यात थांबे, कोणी पडवीत बसे, कोणाला ओटीवर पान मिळे, तर माजघरापर्यंत फक्त आप्त जात. पाहुण्याची जात आणि त्याचे नाते त्याला घरात कुठपर्यंत जाता येईल हे ठरवीत असे. कोकणी माणसाच्या आतिथ्याचे कौतुक करताना या पायऱ्यांचा विसर पडणे इतिहासाला धरून होणार नाही.

सार्वजनिक निवासाचा हक्क

धर्मशाळा ही नावाप्रमाणे सर्वांसाठी असावी, अशी अपेक्षा असली तरी व्यवहार तसा नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. त्या ठरावाची आठवण प्रामुख्याने पाणवठ्यांच्या संदर्भात काढली जाते. परंतु सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व चालविल्या जाणाऱ्या पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही अस्पृश्य वर्गासाठी खुल्या असाव्यात, असा त्यात स्पष्ट उल्लेख होता. या ठरावाच्या आधारे १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. ते प्रत्यक्षात खुले झाले नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. महाड हे सावित्रीच्या खोऱ्यातील व्यापारी गाव होते आणि घाटमाथा व बंदर यांच्यातील वाटेवरचे ठाणे होते. वाटेवरच्या माणसाला पाणी आणि आसरा कोण देणार, हा प्रश्न कोकणाच्याच भूमीवर इतक्या तीव्रतेने उभा राहिला, ही बाब प्रवासी-निवासाच्या इतिहासात मध्यवर्ती मानली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे येथील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने, ज्याचे नामांतर पुढे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले, धर्मशाळा, सराई व निवासगृहे यांचा स्पष्ट समावेश केला. अशा प्रकारे, पैसे देऊन खोली घेण्याचा साधा वाटणारा व्यवहार हा हक्काच्या पायावर उभा राहिला. पुढे खासगी घराचे रूपांतर जेव्हा निवासगृहात झाले, तेव्हा ओटी-माजघराची जुनी व्यवस्था आणि हा नवा हक्क एकाच छपराखाली आले. या दोहोंमधील ताण आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

डाकबंगला आणि हवापालटाची घरे

ब्रिटिश अमदानीत निवासाचा एक नवा निकष आला, तो हुद्द्याचा. अधिकाऱ्यांच्या फिरतीसाठी डाकबंगले, तपासणी बंगले व विश्रामगृहे बांधली गेली. त्यांच्या जागा पाहिल्या तर बांधणाऱ्यांच्या दृष्टीची कल्पना येते. खाडीच्या मुखाशी, टेकडीच्या माथ्यावर किंवा किल्ल्याच्या आवारात, वारा व देखावा दोन्ही मिळतील अशी ठिकाणे निवडलेली दिसतात. स्थानिक माणूस मात्र आपले घर समुद्रापासून आत, माडा-पोफळीच्या आडोशाला बांधीत असे. वादळवारा आणि खारी हवा यांचा त्याला अनुभव होता. समुद्र दिसणारी खोली ही आवड कोकणी घरबांधणीतून आलेली नाही. ती प्रथम बंगल्याने आणली आणि पुढे हॉटेलांनी रुजविली.

मुंबईतील सुस्थित कुटुंबांनी अलिबाग परिसरात बांधलेली हवापालटाची घरे हा याच काळातील आणखी एक प्रकार होय. किहीम येथील अशाच एका कौटुंबिक घरात १९३० च्या सुमारास राहत असताना डॉ. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीच्या सवयींचे निरीक्षण केले आणि भारतीय पक्षिशास्त्राला मोलाची भर मिळाली. परंतु या घरांचा गावाच्या अर्थव्यवस्थेशी संबंध राखणदार, माळी आणि मासळी यांच्यापुरताच राहिला. मालक शहरात आणि घर किनाऱ्यावर ही रचना तेव्हा थोडक्या कुटुंबांपुरती होती. आज तीच रचना मोठ्या प्रमाणावर परतलेली दिसते.

गोव्यात हवापालटाची पद्धत अधिक व्यापक होती. पणजी, म्हापसा, मडगाव येथील मध्यमवर्गीय व जमीनदार कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यांवर मुक्कामाला जात. पोर्तुगीज शब्दावरून या प्रथेला ‘मुदांस’ म्हणत. काहींची स्वतःची घरे असत, तर काही कुटुंबे गावकऱ्यांची घरे हंगामापुरती भाड्याने घेत. समुद्रस्नान आरोग्याला हितकारक मानले जाई. किनाऱ्यावर सुट्टीसाठी घर भाड्याने घेण्याची प्रथा या पट्ट्यात परदेशी पर्यटकांनी सुरू केली, हा समज त्यामुळे बरोबर ठरत नाही. ते येण्यापूर्वी गोमंतकीय कुटुंबांनी तिचा पाया घातलेला होता. घर देणारा आणि घेणारा एकाच समाजातील असल्यामुळे भाडे, आचार आणि शेजारधर्म यांची बंधने दोघांनाही मान्य होती.

गोवा : खोलीपासून हॉटेलापर्यंत

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हिप्पी पंथाचे तरुण प्रथम कळंगुट-बागा आणि नंतर हणजूण-वागातोर परिसरात येऊ लागले. त्यांना हॉटेल नको होते आणि तशी हॉटेले तेथे फारशी नव्हतीही. मच्छीमार, रेंदेर आणि लहान शेतकरी यांनी आपल्या घरातील एखादी खोली त्यांना भाड्याने दिली. पुढे मागच्या अंगणात आणखी खोल्या उभ्या राहिल्या. या पर्यटनाने आणलेल्या अमली पदार्थांवर व नग्नतेवर गोमंतकीय समाजाने टीका केली आणि ती अनाठायी नव्हती. मात्र आर्थिकदृष्ट्या पाहता भाड्याचा पैसा थेट किनाऱ्यावरच्या लहान घरात जात होता, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

१९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्याच्या परिसरात ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले. १९८३ च्या राष्ट्रकुल परिषदेसाठी दिल्लीत आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात आले आणि गोव्याच्या किनाऱ्याची आंतरराष्ट्रीय प्रसिद्धी वाढली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. आता निवासाची निवड प्रवासी स्वतः किनाऱ्यावर येऊन करीत नव्हता. परदेशातील प्रवासी कंपनी विमान, हॉटेल व जेवण यांची एकत्र विक्री करीत असे. यजमान व पाहुणा यांच्यामध्ये तिसरा घटक उभा राहिला आणि भावाची घासाघीस त्याच्या हाती गेली. किनाऱ्यावर स्थानिकांना असलेली वाट, विहिरींचे पाणी आणि शेतजमिनींची विक्री या प्रश्नांवर गोव्यात ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आंदोलने झाली, त्यांची पार्श्वभूमी ही होती. निवास देणाऱ्या लहान घरांपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सर्वांनी नोंदणी करावी, यासाठी गोवा, दमण व दीव प्रदेशाने १९८२ मध्येच पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा केला होता.

महाराष्ट्र : महामंडळ, रेल्वे आणि पर्यटन जिल्हा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याच काळात चित्र वेगळे होते. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली अशा ठिकाणी महामंडळाने निवासस्थाने उभारली. जेथे खासगी भांडवल येण्यास तयार नव्हते तेथे शासनाने पहिली खोली बांधली, हे या टप्प्याचे महत्त्व आहे. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला कोकणात ‘कुणाकडे’ न जाताही राहता येते, याची प्रचीती प्रथम या निवासांनी दिली. खोली मिळण्यासाठी नाते किंवा जात लागत नव्हती. मुंबई किंवा पुण्यात आगाऊ आरक्षण केले की पुरेसे होते. सार्वजनिक निवासाच्या हक्काचा जो आशय कायद्याने मांडला होता, तो किनाऱ्यावर अशा रीतीने रोजच्या व्यवहारात उतरला.

नव्वदच्या दशकात तीन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. बोटीचा उतारू बंदरावर उतरत असे, रेल्वेचा प्रवासी मात्र किनाऱ्यापासून अनेक किलोमीटर आत असलेल्या स्थानकावर उतरतो. परिणामी बंदराच्या गावांचे जुने महत्त्व ओसरले. स्थानकावरून वाहन करून कोणत्या किनाऱ्यावर जायचे, हे प्रवासी स्वतः ठरवू लागला. निवासाच्या निवडीला प्रथमच खरा वाव मिळाला, असे या अर्थाने म्हणता येईल.

सिंधुदुर्गात मोठ्या हॉटेलांच्या योजनाही आखल्या गेल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे परिचित असलेल्या शिरोड्याजवळ वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलासाठी नव्वदच्या दशकात भूसंपादन झाले आणि त्याला स्थानिकांनी दीर्घकाळ विरोध केला. या विरोधामागे कोकणातील जमीनधारणेचा इतिहास आहे. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि कूळकायद्यातील १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ पासून कुळे जमिनीचे मालक समजली जाऊ लागली. ज्यांच्या आजोबांनी खोताची अर्धेल भरली होती, त्यांच्या दृष्टीने किनाऱ्यावरची काही गुंठे जमीन केवळ विक्रीची वस्तू असणे शक्य नव्हते. दुसरीकडे, एकाच सातबाऱ्यावर दहा-वीस सहहिस्सेदारांची नावे असल्यामुळे जमिनीचे सौदे सहज होत नव्हते. विकासाच्या दृष्टीने अडचण मानल्या गेलेल्या या सामाईक धारणेने काही किनारे लहान मालकांच्या हाती राखून ठेवले. मात्र त्याच कारणाने त्या मालकाला बँकेचे कर्ज मिळणे कठीण झाले. म्हणून कोकणातील घरगुती निवास हा एकदम उभा न राहता एकेक खोली करीत वाढलेला दिसतो.

दिवेआगर : वाडीतील खोली

घरगुती निवास कसा आकाराला आला, हे समजून घेण्यासाठी श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे उदाहरण उपयुक्त आहे. शके ९८२ (इ. स. १०६०) च्या ताम्रपटामुळे मराठी भाषेच्या अभ्यासकांना हे गाव परिचित आहे. नारळ-पोफळीच्या वाड्या हा गावाचा परंपरागत आधार. श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात नाव आहे. १९९७ मध्ये येथील एका वाडीत जमिनीखाली पेटीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि दर्शनासाठी लोटणाऱ्या गर्दीने गावाचे रूप पालटले. आलेल्या माणसाला जेवण हवे होते आणि रात्र झाल्यास आसराही. गावात हॉटेले नव्हती, परंतु वाड्या आणि घरे होती. प्रथम घरगुती जेवण, मग ओटीवरची झोपण्याची सोय आणि त्यानंतर वाडीच्या कडेला बांधलेल्या स्वतंत्र न्हाणीघर-शौचालयाच्या खोल्या, असा हा क्रम होता. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेने अशा घरांना मान्यता आणि प्रसिद्धी दिली.

या व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये नोंदविण्यासारखी आहेत. पहिले, वाडी आणि खोली एकमेकींना आधार देतात. सुपारीचे पीक वर्षातून एकदा हाती येते, खोलीचे भाडे सुट्ट्यांच्या हंगामात येते. दुसरे, पाहुण्याला माजघरात न नेता वाडीतील स्वतंत्र खोली दिली गेल्यामुळे घराची जुनी मर्यादा आणि नवा व्यवसाय या दोहोंची सांगड घातली गेली. काही ठिकाणी केवळ शाकाहारी जेवण, तर मालवण-तारकर्लीकडील गाबित कुटुंबांकडे ताज्या मासळीचे जेवण, अशी निवड ताटाच्या आधारे होऊ लागली. ताटाची ही निवड पुष्कळदा जातीच्या जुन्या ओळखीवरूनच चालते, याकडे डोळेझाक करता येत नाही. तिसरे, या व्यवसायाचा भार प्रामुख्याने घरातील स्त्रीवर असतो. मोदक, घावणे, सोलकढी यांची कीर्ती यजमानाच्या नावाने होते. पहाटेपासूनचे श्रम मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणून महिलांच्या पर्यटन व्यवसायांसाठी कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद केली. या अदृश्य श्रमाची ती उशिराने घेतलेली दखल म्हणता येईल.

पुढील काळात या व्यवस्थेची कठोर परीक्षा झाली. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदारांची हत्या झाली आणि सुवर्णगणेश चोरीला गेला. गावाचे नाव ज्या दैवतामुळे झाले तेच नाहीसे झाले, तरी घरगुती निवास टिकून राहिला. कारण तोपर्यंत किनारा, वाडी आणि जेवण यांची ओळख स्वतंत्रपणे निर्माण झाली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे खोल्या रिकाम्या झाल्या आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या पट्ट्यातील वाड्या भुईसपाट केल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे एकाच हंगामात पीक आणि पाहुणा हे दोन्ही आधार गेले. टाळेबंदी उठल्यावर यांपैकी पाहुणा लवकर परतला, पीक परतण्यास वेळ लागणार होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये गणेशाची पुनःप्रतिष्ठापना झाली. घरगुती निवास हा शेतीला पूरक व्यवसाय आहे, या वाक्याचा खरा अर्थ अशा संकटात कळतो. वाडी मोडली की पर्यटक ज्या सावलीसाठी येतो ती सावलीही मोडते.

किनारा, पाणी आणि कायदा

१९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवण्याची सूचना केली होती. १९९१ च्या अधिसूचनेचे मूळ तेथे सापडते. या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा विकासनिषिद्ध ठरविला. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात हा पट्टा ५० मीटरपर्यंत खाली आणला, मात्र विरळ वस्तीच्या भागात तो २०० मीटरच ठेवला. याच अधिसूचनेत मच्छीमारांसह स्थानिक समाजांना आपल्या अस्तित्वात असलेल्या घराचे जोते, रचना व दर्शनी रूप न बदलता घरगुती निवास चालविण्याची मुभा आहे. म्हणजेच कायद्याने राहते घर आणि नवे बांधकाम यांत भेद केला आहे. केंद्र शासनाच्या न्याहारी व निवास योजनेतही कमाल सहा खोल्यांची मर्यादा आणि मालकाने सहकुटुंब तेथेच राहण्याची अट घातलेली आढळते.

या अटींमागे व्यावहारिक कारण आहे. किनाऱ्यावरील विहिरींत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. रहाटाने किंवा बादलीने उपसा होत असे तोवर हा तोल टिकत होता. मोठ्या पंपांनी अखंड उपसा सुरू झाला की खारे पाणी वर सरकते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर लवकर सुधारत नाही. तेथेच राहणाऱ्या मालकाला याची जाणीव विहिरीच्या चवीवरून होते आणि तिचे नुकसान त्याच्या वाडीला सोसावे लागते. दूर राहणाऱ्या मालकाला पाण्याचा टँकर मागविता येतो.

आजची निवड

गेल्या काही वर्षांत किनाऱ्याची वाट फार जवळची झाली आहे. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये, सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि मुंबई व उरणच्या बाजूचा प्रदेश जोडणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. गोव्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली. त्याचबरोबर २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या आंतरजालावरील मंचांनी खोलीची निवड भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आणली. छायाचित्रे, दर आणि पूर्वीच्या पाहुण्यांचे अभिप्राय पाहून प्रवासी घर निवडतो. बंदरावर उतरलेल्या उताऱ्याला जे स्वातंत्र्य कधीच नव्हते, ते त्याला आज लाभले आहे, यात शंका नाही. आडगावातील एखाद्या गृहिणीलाही दलालाशिवाय पाहुणा मिळू शकतो.

परंतु पडद्यावर मालकी दिसत नाही. अलिबाग परिसरात आणि गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावर तरणतलावासह बांधलेले बंगले गुंतवणूक म्हणून विकत घेतले जातात आणि व्यवस्थापक कंपनीमार्फत भाड्याने दिले जातात. किहीमच्या जुन्या हवापालटाच्या घराप्रमाणे मालक शहरात असतो. फरक इतकाच, की आता ते घर वर्षभर उत्पन्न देते. स्थानिक माणूस येथे यजमान नसतो. राखणदारी, साफसफाई आणि स्वयंपाक ही कामे त्याच्या वाट्याला येतात. जाहिरातीत मात्र दिवेआगरची वाडीतील खोली आणि असा बंगला एकाच शब्दाने, ‘होमस्टे’ म्हणून, ओळखले जातात. शब्द एक असल्यामुळे दोन भिन्न व्यवस्थांमधील अंतर पुसले जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कोकण किनाऱ्यावर निवासाचा निकष क्रमाने नाते व जात, देवस्थान, हुद्दा, शासकीय आरक्षण आणि अखेरीस दर असा बदलत गेला. जुना निकष नव्याने पूर्णपणे पुसला नाही. ताटाच्या निवडीत आणि पाहुण्याला विचारल्या जाणाऱ्या आडनावात तो डोकावतो.

२) परक्याला आसरा मिळणे हा कोकणात केवळ आतिथ्याचा विषय नव्हता. १९२३ चा बोले ठराव, महाडचा सत्याग्रह आणि १९५५ चा कायदा यांनी तो हक्काचा विषय केला. घरगुती निवासालाही हाच हक्क लागू आहे, याची जाणीव यजमान-प्रशिक्षणात अंतर्भूत होणे गरजेचे आहे.

३) महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घरगुती निवास रुजला, त्यामागे नियोजनाइतकाच कूळकायद्यानंतरच्या लहान व सामाईक जमीनधारणेचा वाटा आहे. ही धारणा मोडली गेल्यास या निवासाचा पायाही राहणार नाही.

४) मालकाचे तेथे राहणे ही केवळ औपचारिक अट नाही. विहीर, वाडी आणि किनारा यांची राखण त्या अटीवर अवलंबून आहे. नोंदणी करताना निवासी मालकाचे घर आणि गुंतवणुकीचा बंगला यांची वेगळी वर्गवारी होणे इष्ट ठरेल.

५) प्रवाशाच्या दृष्टीने दर व देखावा यांबरोबर आणखी काही गोष्टी तपासण्यासारख्या आहेत. घर नोंदणीकृत आहे का, मालक तेथे राहतो का, पाणी कोठून येते आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला तिच्या श्रमाचा मोबदला मिळतो का, याची चौकशी आरक्षणापूर्वी एका दूरध्वनीवर होऊ शकते.

‘कुणाकडे आलात?’ या जुन्या प्रश्नात जातिभेदाचा अंश होता आणि तो जाणे योग्यच होते. त्याच प्रश्नात घराला माणूस असल्याची खूणही होती. ‘कुठे उतरलात?’ असे विचारणाऱ्या काळाने ती खूण गमावू नये. तसे झाल्यास किनाऱ्यावर खोल्या पुष्कळ असतील, पण त्यांच्या दारात उभे राहून ‘या’ म्हणणारा घरधनी तेथे नसेल.